चिंचेनं घासलेली बंदूक

निवडणूक जाहीर झाली की इंदापूरच्या पोलीस ठाण्यातून गावोगाव निरोप यायचा: ज्यांच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती आणून जमा करावी, निकाल लागल्यावर परत न्यावी. सरकारच्या लेखी तो बंदोबस्त. आमच्या घरी मात्र सण. माझे सासरे आदल्या दिवशी न्हाव्याला बोलावून घ्यायचे, धोतराला नीळ घालायला सांगायचे आणि सासूबाईंवर उगीचच खेकसायचे. त्यात नव्वदच्या दशकात निवडणुकांचा असा सुकाळ झाला होता की विचारू नका. एक सरकार बसतंय तोवर दुसरं पडतंय. पेपर वाचणारी माणसं कपाळाला हात लावायची, आणि आमचे मामा ओसरीवर बसून पुढचं कधी पडतंय याची चौकशी करायचे.

मामा म्हणजे सासरेच. आमच्याकडं सून सासऱ्यांना मामा म्हणते. बाकी आमचं सगळं निरवांगी गाव त्यांना आबा म्हणायचं. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. मामांचं निम्मं आयुष्य रानोमाळ गेलं होतं. मग नदीचं पाणी आलं, ऊस आला, मका आला, मेंढरं गेली. मक्यात रानडुकरं लोळायची म्हणून मामांनी पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढला आणि एक जुनी एकनळी घेतली. त्या बंदुकीनं जन्मात एक डुक्कर मारलं नाही. मामा बांधावर उभं राहून सरळ आभाळात बार काढायचे, डुकरं पळायची आणि जरा वेळानं परत येऊन राहिलेलं जेवण पुरं करायची.

तर बंदुका जमा करायचा दिवस. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली ताडपत्री अंथरलेली. तालुक्यातली तीसचाळीस माणसं आपापली बंदूक गोधडीत, पोत्यात, कुणी नव्या कोऱ्या चादरीत गुंडाळून घेऊन आलेली. आत एकच हवालदार एकेक नंबर ताडून पावती करतोय, म्हणजे दुपार इथंच जाणार. मग काय करायचं? एकमेकांच्या बंदुका बघायच्या. ठासणीच्या, एकनळी, दुनळी, एखादी कुणाच्या आजोबाला साहेबानं दिलेली. आणि बघायचं म्हणजे आमच्या माणसांना नुसतं बघता येत नाही, त्यांना भाव करावा लागतो. कुणाच्या दारातली म्हैस असो, शेजारच्याचं पोरगं नवी सायकल घेऊन येवो, पहिला प्रश्न केवढ्याला. इथं तर विकायला काढलेलं काहीच नव्हतं. विकायची म्हटली तर अर्ज, परवानगी, तहसील, छप्पन्न भानगडी. इतक्या वर्षांत त्या ताडपत्रीवरची एकही बंदूक विकली गेली नव्हती, पण भाव प्रत्येक निवडणुकीला नव्यानं व्हायचा आणि त्यावर पुढची निवडणूक येईपर्यंत गप्पा चालायच्या.

हा भाव करायचा मान मामांचा. मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवून ते वजन सांगायचे आणि ते काट्यावर तंतोतंत उतरायचं, अशी त्यांची जुनी ख्याती. तीच तऱ्हा बंदुकीला. दोन्ही हातांवर उचलायची, झुलवायची, नळीवरनं तळवा न्यायचा, दस्त्यावर टिचकी मारायची, उघडून मिटताना खटका कसा वाजतो ते कान देऊन ऐकायचं, आणि मग तंबाखू थुंकून आकडा. आकडा पडला की पडला. त्यावर कुणी वाद घालत नसे. फक्त एक नियम होता. मालकानं स्वतःच्या बंदुकीचा भाव करायचा नाही. त्यामुळं मामांच्या बंदुकीचा भाव तात्या करायचे. तात्या म्हणजे मामांच्या वयाचे, निमगावकडचे एक बागायतदार. त्यांची इंग्रजी बनावटीची दुनळी. मामा तिला दरवेळी सगळ्यांत वरचा भाव द्यायचे, अकरा हजार, कधी बारा. आणि तात्या आमच्या बंदुकीकडं एक नजर टाकून म्हणायचे, बाराशे.

बाराशे. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा मामांबरोबर गेले तेव्हा हे कानांनी ऐकलं आणि माझ्या अंगाची नुसती लाही झाली. बाराशेला तेव्हा बरी सायकल येत नव्हती. मामा हसून घ्यायचे. मला हसता येईना.

मला मामा बरोबर न्यायचे त्याचं कारण माझी मोपेड. मी शेजारच्या गावात बालवाडीवर होते, त्यासाठी घेतलेली. नवरा कारखान्यावर पाळीला. सासूबाई म्हणायच्या, सासऱ्याला मागं बसवून सून गाडी चालवतीया, लोक काय म्हणतील. मामा म्हणायचे, लोक बाजूला होतील, दुसरं काय करतील.

दुसरं एक कारण होतं ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक. मामांना दिसत नव्हतं. हे मला कसं कळलं ते सांगते. ज्या निवडणुकीचं पुढं सांगणार आहे तिच्या वर्षभर आधीची गोष्ट. एका सकाळी मामा फेटा बांधून चावडीकडं निघाले. ऐटीत, मिशीला पीळ देत. मी अंगणात वाकून बघतेय तर डोक्याला माझं पातळ. हिरवं, वर मोराची बुट्टी, वाळत घातलेलं. पदराची जर बरोबर कानावर आलेली. मी धावत जाऊन त्यांना फाटकातनं आत ओढलं आणि तिथंच बसून हसले, हसले, पोट धरून हसले. मामाही हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "वरीस झालं डोळ्यांत धुकं हाय पोरी. कुणाला बोलू नगंस. तुज्या नवऱ्यालाबी न्हाय."

मी नाही बोलले. आता वाटतं, बोलायला हवं होतं. न दिसणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक, ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट? पण तेव्हा मी बावीस-तेवीसची, आणि सासऱ्यांचं गुपित आपल्याकडं आहे याचाच मला केवढा तोरा. हवालदाराला कळलं तर परवाना जाणार होता. परवान्याचं एक वेळ सोडा. बंदूक नाही म्हणजे त्या लिंबाखाली जागा नाही, आणि मामांचा भाव करायचा मान गेला असता. तो गेलेला मला बघवला नसता. म्हणून आम्ही युक्ती काढली. मी त्यांच्या शेजारी उभी राहून येड्यासारखी बडबड करायची. अगं बाई, तात्या आले वाटतं. अगं बाई, ही दोन नळ्यांची. अगं बाई, ह्यांनी केवढी लांब आणलीय. खेडवळ सून पहिल्यांदा बंदुका बघतेय असं लोकांना वाटणार, आणि मामांना समोर कोण, कुणाची बंदूक, सगळं कळणार. घरी आम्ही तालीम केली. मामांनी मला दोनदा दम दिला, एवढं अगं बाई म्हणू नगंस, गुरं बुजत्यात.

आणि मी आगाऊपणा केला तो इथं. बाराशे डोक्यात बसलं होतं ना. माझं माहेर काटेवाडीचं. आमच्या वडिलांना बैल बाजारात न्यायचा म्हणजे आधी त्याला धुवायचं, शिंगं तासून रंगवायची, नवी वेसण घालायची. माल दाखवायचा तर चकचकीत दाखवावा. मग बंदूक का नको? आदल्या दिवशी मामा न्हाव्यापुढं बसले होते तेवढ्यात मी ती न्हाणीघरात नेली. काडतूस नाही ना ते आधी तीनदा बघितलं, आणि मग चिंच, मीठ, राख घेऊन जी घासायला बसले ती तांब्याचा हंडा घासावा तशी. नळीवरचा गंज गेला, काळपट रंग गेला, नळी पांढरीशुभ्र झाली. दस्त्याला एका ठिकाणी चीर होती, तिथं मामांनी सुतळी घट्ट गुंडाळून वर डांबर फासलेलं. कसलं ध्यान दिसत होतं ते. मी कापून टाकलं, चिरेत डिंक भरला, घोटून गुळगुळीत केलं, शेंगतेल चोळलं. चांभाराकडनं नवा पट्टा आणून ठेवलेलाच होता. बंदूक अशी दिसायला लागली की मलाच तिची दृष्ट काढावीशी वाटली. मग गोधडीत गुंडाळून वर दोरी बांधली. मामांना सांगितलं नाही. उद्या लोकांच्या तोंडून ऐकू देत.

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढं मी, मागं मामा, मामांच्या मांडीवर आडवी बंदूक, गोधडीतनं दोन्ही बाजूला हातहातभर बाहेर. समोरून येणारी बैलगाडी आधी थांबायची आणि मग आम्हाला जाऊ द्यायची. एका एसटीवाल्यानंसुद्धा वाट दिली. मला इतकं भारी वाटत होतं की मी विनाकारण हॉर्न वाजवत होते. मामा मागून विचारायचे, "कोण हाय?" मी म्हणायचे, "कोण न्हाय, मीच हाय."

ठाण्यात आमची युक्ती झकास चालली. मी बंदूक सोडून ताडपत्रीवर ठेवली आणि मामांच्या उजव्या अंगाला उभी राहिले. ठासणीची आली, मामांनी सहाशे सांगितले. एक एकनळी दोन हजार. दुसरीचा खटका त्यांना आवडला नाही, म्हणाले, "दमेकऱ्यागत खोकतीया. नऊशे." मालक खट्टू झाला आणि बाकीचे टाळ्या देऊन हसले. तात्यांची दुनळी आली. मी म्हणाले, अगं बाई, तात्यांची दोन नळ्यांची ती हीच का. मामांनी ती हातावर घेतली, उगीच बराच वेळ घेतला, आणि साडेबारा हजार म्हणाले. तात्यांनी मिशीवरनं हात फिरवला.

एवढ्यात आतून हवालदारानं हाक मारली. मामांच्या परवान्याचं पुस्तक फाटलेलं होतं, अक्षर लागत नव्हतं, वाचून दाखवायला कुणीतरी या. मला जावंच लागलं. मी मामांना म्हणाले, "मी आलेच, तुमी तवर तंबाखू खावा." ते व्हय म्हणाले.

मी टेबलापाशी नंबर वाचत होते. उघड्या खिडकीतून लिंब समोर दिसत होता. बघते तर तात्या वाकले, ताडपत्रीवरनं एक बंदूक उचलली आणि मामांच्या हातात दिली. लखलखीत, पांढरी, नवा पट्टा. आमचीच. तात्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हाताऱ्यानं बंदूक नवरीसारखी नटवून आणलीय, तर जरा थट्टा करावी, एवढंच. म्हणाले, "आबा, ह्या सुंदरीचा काय भाव?"

माझं वाचणं तिथंच थांबलं. हवालदार म्हणाला, पुढं? मला पुढचं दिसेना.

मामांनी ती दोन्ही हातांवर घेतली. झुलवली. नळीवरनं हात नेला आणि कपाळाला आठी घातली. टिचकी मारली, खटका ऐकला, दोनदा ऐकला. मग नळी नाकाशी नेली.

"नळी सरळ हाय," मामा म्हणाले. "खटका गोड हाय. हिला सांभाळलीया कुणीतरी. पर कुण्या बाईनं चिंचेनं घासलीया आन् रंग घालवलाय, आता पावसाळ्यात गंजल. न्हायतर साडेतीन बोललो असतो. तीन हजार."

आणि जो हशा उठला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. आबा लबाड, आबा बिलंदर, सोताच्या बंदुकीचा सोताच भाव केला, तेबी तीन हजार. सगळ्यांना वाटलं म्हातारा जाणूनबुजून गंमत करतोय. एकानं तर मामांच्या पायाला हात लावला. मामा पण हसले. पण त्यांचा हात दस्त्यावर गेला होता आणि तिथं काहीतरी शोधत होता. सुतळीची जागा. बोटं तिथल्या तिथं फिरत होती, पुढं जात होती, पुन्हा मागं येत होती. मी कापून चुलीत टाकली होती ती सुतळी. त्यांच्या खुणेची एकही जागा मी त्या बंदुकीवर ठेवली नव्हती. मला असं वाटलं की जमीन फाटावी आणि मी आत जावं.

तो हात आणखी एका माणसानं बघितला. सगळे हसत होते, तात्या हसत नव्हते. ते पुढं आले, मामांच्या हातातनं बंदूक अलगद काढून घेतली आणि त्यांचा दंड धरला. म्हणाले, "चला आबा, च्या घिऊ." आणि आवाराच्या कडेला आल्यावर, हे मामांनी मागाहून सांगितलं, खालच्या आवाजात म्हणाले, "पायरी हाय."

मी बंदूक आत जमा करून, पावती घेऊन धावत पोचले तोवर दोघं हॉटेलच्या बाकावर बसले होते. तात्यांनी मला बसायला सांगितलं, माझ्यासाठी चहा मागवला.  मग मामा म्हणाले, "तात्या, माझ्यानं आता ती बाळगवायची न्हाय. आज मला कळलं. सोताची वळखली न्हाय म्या."

"मग मला द्या," तात्या म्हणाले. "माझ्या परवान्यावर आणिक एक बसती. तहसीलात अर्ज मी करतो. तीन हजार."

"तुमचा भाव बाराशे हाय."

"माझा भाव जाऊ द्या. लिंबाखाली आबा बोलल्यावर तात्याला काय किंमत? इतकी वर्सं तुमच्या आकड्याला कुणी हात लावला न्हाय, मी आज लावू व्हय?" तात्यांनी बशीत चहा ओतला. "आन् बंदूक नसली तरी यायचं. भाव कोण करणार? मी स्वतः न्यायला गाडी धाडीन. डोळं लागत न्हाईत त्याला, हात लागतो."

मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. रडू आलेलं दाखवायचं नव्हतं, आणि इतका आनंद झाला होता की हसूही फुटत होतं. दोन्ही एकदम आलं आणि चहाचा ठसका लागला. तात्या म्हणाले, "सूनबाई, सावकाश. अगं बाई म्हणायचं ऱ्हायलं का काही?" म्हणजे आमची युक्तीही त्यांना कळली होती.

परत निघालो. आता मांडीवर काही नव्हतं, त्यामुळं मामा मोकळे बसले होते. मी म्हणाले, "मामा, माझ्यावर राग आलाय का?"

"आलाय. पाचशेचं नुकसान केलंस."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली. बार नेहमी आभाळात का काढायचे ते सांगितलं. मक्यात डुक्कर हाय का माणूस, दिसायचंच नाही. म्हणून नळी सरळ वर. आम्ही घरात त्यावर किती थट्टा केली होती.

"पर मामा," मी म्हणाले, "दोन वर्षांत एवढं कसं वाढलं?"

मामा माझ्या कानाशी वाकले. मग म्हणाले, "वरीस तुला सांगितलं. खोटं सांगितलं. तू घरात यायच्या आधीपासनंच हाय. तुज्या लग्नात अक्षता टाकल्या त्या वाजंत्र्याच्या अंदाजानं. तुजं तोंड म्या अजून बघितलं न्हाय."

 सांगते कसं होतं ते. लग्नानंतरचे पहिले महिने मला माहेरची फार आठवण यायची. मी कुणाला कळू द्यायची नाही, कामात असायची, बडबडत असायची. नवऱ्याला कळलं नाही, सासूबाईंना कळलं नाही. फक्त मामा ओसरीवरनं म्हणायचे, "पोरीचं तोंड उतरलंय आज, तिला काटेवाडीला घालवून या." किती वेळा म्हणाले असतील. आणि मी मनात म्हणायची, या घरात एकाला तरी माझ्याकडं बघायला सवड आहे.

निमगावचा फाटा आला. निरवांगीला तिथं वळायचं. मी वळले नाही.

जरा पुढं गेल्यावर मामा म्हणाले, "फाटा मागं ऱ्हायला."

"ठाऊक हाय."

"मग कुठं निघालीस?"

"आज काटेवाडीला मुक्काम. उद्या सकाळी बारामतीला, डोळ्याच्या डॉक्टराकडं."

"आता ह्या वयात काय बघायचं ऱ्हायलंय माझं?" मामा म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि मागं वळून बसले. म्हणाले, "मला."